मदतीची मिनिटं

चहा. खरी मिनिटं तीन, लिहिलेली पंधरा.

आतून हसण्याचा आवाज आला आणि धोंडुबाईच्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली. चिमणाबाई हसत होती. अकरा महिने धोंडुबाईनं या बाईला रडताना ऐकलं होतं, देवाला नावं ठेवताना ऐकलं होतं, झोपेत मेलेल्या नवऱ्याशी भांडताना ऐकलं होतं. हसताना, असं खोकला येईपर्यंत हसताना, एकदाही नाही.

चहा घेऊन ती खोलीत गेली. थेरपीवाली पोरगी, मुबशिरा, पलंगासमोर स्टुलावर बसली होती आणि स्वतःचा उजवा हात तिनं ओढणीनं स्वतःच्याच कमरेला बांधून टाकला होता. डाव्या हातानं ती बिस्किटाचा पुडा फोडायला गेली होती. पुडा फुटला तो असा, की निम्मी बिस्किटं फरशीवर.

"हसताय काय आज्जी," ती म्हणाली, "आता उचलायचं कोण? तुमच्याकडं एक हात, माझ्याकडंही एकच."

उचलायचं कोण ते ठरलेलंच होतं. धोंडुबाईनं ट्रे ठेवला, खाली बसली आणि बिस्किटं वेचली. वेचताना तिच्या मनात आलं, हात बांधून घ्यायचं आपल्याला कसं सुचलं नाही. आपण रडणाऱ्या बाईचे डोळे पुसत बसलो.

चिमणाबाईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला वर्ष झालं होतं. पहिले तीन महिने फिजिओवाला येऊन गेला. त्यानं हातपाय हलते केले, काठी धरून चार पावलं चालवली. पण हात हलणं वेगळं आणि हातानं काम होणं वेगळं, असं ही पोरगी म्हणायची. कप उचलणं, घास तोंडाशी नेणं, बटण लावणं, तिचं शिक्षण एवढ्याचंच. त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. धोंडुबाईच्या जिभेवर ते नाव बसेना, म्हणून तोंडावर ती 'थेरपीवाली' म्हणायची आणि मनात 'सहाशेवाली'. आठवड्यातून तीनदा यायची, पाऊण तास बसायची, एका वेळेचे सहाशे घ्यायची. धोंडुबाईला सकाळी आठ ते रात्री आठचे महिन्याला चौदा हजार होते.

"कप अर्धाच भरायचा मावशी," मुबशिरा तिला म्हणाली. "कोपर टेबलावर. आणि आज्जींनी तोंड कपाकडं न्यायचं नाही, कप तोंडाकडं आणायचा."

कप थरथरत वर गेला. चहा सांडला नाही. धोंडुबाईनं बशी धरून ठेवली होती, ती तशीच खाली नेली.

कागद.

कागद फ्रिजवर होता, आंब्याच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली.

चिमणाबाईचा मुलगा विजयसिंह शिरोलीला एका फाउंड्रीत कॉस्टिंग बघायचा. एका नगाला वाळू किती लागते, वीज किती, माणूस किती मिनिटं उभा राहतो, हे सगळं त्याच्या डोक्यात. माणूस वाईट नव्हता. पगार पाच तारखेच्या आत द्यायचा, तोही पाकिटात घालून. पण कुठल्याही गोष्टीचा नग पाडल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. मुबशिरा पहिल्यांदा आली तेव्हा त्यानं सरळ विचारलं, तुमचा उपयोग झाला की नाही हे मी मोजायचं कशात? दुसरी कुणी चिडली असती. ही म्हणाली, मिनिटांत. आज्जींना दिवसभरात एकेका कामाला दुसऱ्या माणसाची किती मिनिटं लागतात ते रोज लिहा. दोन महिन्यांत आकडा उतरला नाही तर मला बंद करा.

विजयसिंहाला हे मनापासून पटलं. त्यानं ऑफिसात कागद छापून आणला. चहा, जेवण, वेणी, अंघोळ, कपडे असे खाने, पुढं तारखा. पहिल्या दिवशीची बेरीज आली दोनशे तीस. ती साठाच्या खाली आली पाहिजे.

साठाच का, ते त्यानं धोंडुबाईलाही समजावून सांगितलं, कारण लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती. साठ मिनिटांच्या मदतीला बारा तासांचं माणूस लागत नाही. सकाळी येऊन जाणारी कुणी चार हजारांत मिळेल. म्हणजे महिन्याला दहा हजार वाचले. थेरपीचे दोन महिन्यांचे पंधरा हजार सहाशे, म्हणजे दीड महिन्यात वसूल, आणि त्यापुढं नुसता फायदा. मावशी, तुमच्यावर काही राग नाही, तो म्हणाला, आईच्या भल्याचंच आहे. धोंडुबाईनं मान हलवली. आईच्या भल्याचं होतंच.

आणि हा कागद रोज भरायचा कुणी? विजयसिंह फाउंड्रीत, सून क्रांती बँकेत. घरात उरली धोंडुबाई, चौथी शिकलेली, घड्याळ कळणारी.

आजवर तिचं काम दोनच तऱ्हांनी सुटलं होतं. एक तर पेशंट जायचा, नाहीतर घरच्यांचे पैसे संपायचे. पहिल्या तऱ्हेत ती रडायची, दुसऱ्या तऱ्हेत घरचे रडायचे. पेशंट बरा झाला म्हणून धोंडुबाई घरी बसली, असं वीस वर्षांत झालं नव्हतं.

जेवण. खरी मिनिटं पाच, लिहिलेली चाळीस.

ताट सरकायचं. चिमणाबाईनं चमच्यानं भात गोळा करायला जावं आणि ताटानं टेबलभर फिरावं. मुबशिरानं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या वेळी ती स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरचा ओला फडका पिळून आणला आणि ताटाखाली घातला. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर आधीच चढवलं होतं. ताट जागचं हललं नाही. चिमणाबाईनं वरणभात खाल्ला, आमटीत बुडवलेला भाकरीचा तुकडा खाल्ला, आणि हनुवटीला लागलेलं स्वतःच पुसलं.

तो फडका धोंडुबाईनं जन्मभर पिळला होता. कितीतरी घरांच्या ओट्यांवर पिळला होता. तो ताटाखाली घालायचा असतो हे तिला सुचलं नव्हतं, आणि कालच्या पोरीला सुचलं. त्याचे सहाशे रुपये. पैशांचं दुःख एक वेळ सोडा. चिमणाबाई खात होती आणि धोंडुबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बसली होती. अकरा महिने तिनं भरवलेल्या प्रत्येक घासाला तिचं बोट त्या ओठांना लागत होतं. आता ओठ आपले आपण हलत होते. आणि जेवण झाल्यावर चिमणाबाई बघत कुणाकडं होती? पोरीकडं. शाबासकी मिळते का म्हणून, शाळेतल्या मुलीसारखी.

त्या दिवशी जेवणाच्या खान्यात पाच लिहायला हवे होते. धोंडुबाईनं पेन्सिल टेकवली आणि तिथं चाळीस लिहिले.

मग दुसऱ्या दिवशी, थेरपीचा वार नव्हता तेव्हा, तिनं फडका ओट्यावरच ठेवला आणि पूर्वीसारखी भाकरी आमटीत कुस्करली. "दमला असशीला आक्का," ती म्हणाली आणि घास पुढं केला. चिमणाबाईनं क्षणभर तिच्याकडं बघितलं, मग तोंड उघडलं. चाळीस मिनिटं लागली. म्हणजे तसं बघितलं तर कागद खोटा नव्हता.

वेणी. खरी मिनिटं वीस, लिहिलेली वीस.

हा खाना तिनं कधी फुगवला नाही. वेणीला दोन हात लागतात, त्याला कुणाचा इलाज नव्हता. खोबरेल तेल कोमट करायचं, गुंता खालून वर सोडवायचा. गुंता सुटता सुटता चिमणाबाई पेंगायची आणि डोकं मागं, धोंडुबाईच्या पोटावर टेकायचं.

सहाव्या आठवड्यात मुबशिरा सहज म्हणाली, की आज्जी, केस खांद्यापर्यंत कापले तर एका हातानं विंचरता येतील.

चिमणाबाईनं तिला झिडकारायला हवं होतं. ती म्हणाली, "बगू की."

धोंडुबाई स्वयंपाकघरात जाऊन दुधाचं पातेलं घासत बसली. ते घासलेलंच होतं.

शुक्रवार.

सातव्या आठवड्यातल्या शुक्रवारी विजयसिंह लवकर घरी आला. त्यानं फ्रिजवरचा कागद काढला, बेरीज केली, पुन्हा केली. एकशे पासष्ट. मुबशिरा चप्पल घालत होती, तिला त्यानं थांबवलं. बोलणं तो फार सभ्यपणे करायचा. मॅडम, तुमच्या कामात खोट नाही, पण आकडा उतरत नाही आणि उरलेल्या आठवड्यात तो साठावर येणार नाही हे तुम्हीही जाणता. तेव्हा आणखी एक आठवडा, मग पुढच्या रविवारी थांबू.

धोंडुबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला वाटलं, आता ही पोरगी आपल्याकडं बोट करणार. तिला कळलं नसेल असं नव्हतंच. तिच्यासमोर पाच मिनिटांच्या मदतीत जेवणारी बाई तिच्यामागं चाळीस मिनिटं कशी घेते, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

मुबशिरानं कागद निरखून बघितला. "आकडा आहे तो आहे सर," ती म्हणाली. "मी असताना जमतं आणि मी गेल्यावर जमत नाही, म्हणजे मी शिकवलं ते नीट शिकवलं नाही. शेवटचं सेशन त्या रविवारी सकाळी घेते, तुम्ही सगळे घरात असताना."

धोंडुबाईकडं तिनं एकदाही बघितलं नाही. बोट केलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. ही तिथंही एक पायरी वर जाऊन उभी राहिली.

तरी धोंडुबाई जिंकली होती. कसबा बावड्याच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. घरी जाऊन तिनं अंड्याची पोळी करून खाल्ली.

लुगडं.

शनिवारी चिमणाबाई जेवली नाही. फडका घालून नाही, भरवूनही नाही. दुपारी पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली. अंगात क्रांतीनं आणलेला फुलाफुलांचा गाऊन. आजारपणापासून तिच्या नशिबाला तोच आला होता. साठ वर्षं काष्टा घातलेल्या बाईला गाऊनमध्ये कसं वाटतं, हे तिनं धोंडुबाईला एकदाच सांगितलं होतं. बाजारात उघडं उभं केल्यासारखं.

मध्यंतरी तिनं मुबशिराला विचारलं होतं, लुगड्याचं काय करायचं. पुढच्या रविवारी वारणानगरला तिच्या धाकट्या बहिणीच्या, शालूबाईच्या, नातवाचं बारसं होतं. जायचं तर लुगड्यात, नाहीतर जायचंच नाही. मुबशिरानं मोबाइलवर लुगडं नेसण्याचे व्हिडिओ बघितले, एक दिवस स्वतःच्या ड्रेसवरून गुंडाळून बघितलं आणि शेवटी कबूल केलं, की कमरेची गाठ मारायला दोन हात लागतात, एका हातानं ती कशी बसवायची हे मला कळत नाही. चिकटपट्टी लावून घेऊया का? चिमणाबाईनं नको म्हटलं. लुगड्याला चिकटपट्टी म्हणजे गाऊनच की.

"पुढल्या ऐतवारानंतर ती पोरगी येनार न्हाय व्हय?" भिंतीकडंच बघत चिमणाबाईनं विचारलं. जीभ अजून थोडी जड होती.

"न्हाय."

"आनि म्हैनाभर आली असती तर लुगडंबी शिकवलं असतं तिनं मला."

धोंडुबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तिनं खाली टाकला.

"ती शिकवनार? तिला ओढनी सावरता येत न्हाय."

"शिकून घेतलं असतं. हुशार हाय पोरगी. तुला काय जमतंय? मला भरवाया जमतंय."

इथं धोंडुबाईनं गप्प बसायला हवं होतं. गप्प बसायचे चौदा हजार होते. ती उठली, कपाट उघडलं, चिमणाबाईचं हिरवं इरकली लुगडं काढलं आणि स्वतःच्या गोल साडीवरूनच कमरेभोवती घेतलं. गोल साडी ती दवाखान्यात आया म्हणून लागल्यापासून नेसायची, तिथं काष्टा चालत नव्हता म्हणून. उजवा हात तिनं पाठीमागं नेला.

"बगा हिकडं."

चिमणाबाई हळूहळू कुशीवर वळली.

धोंडुबाईनं कंबर भिंतीला टेकवली, म्हणजे गुंडाळलेलं कापड घसरत नाही. एक टोक दातांत धरलं. दुसरं टोक डाव्या हातानं त्याच्यावरून घेतलं, अंगठ्यानं आत ढकललं, खालून बोटांनी ओढलं, आणि मान एका अंगाला, हात दुसऱ्या अंगाला असा एक हिसका दिला. गाठ बसली. पाठीमागचा हात तिनं बाहेर काढलाच नाही. निऱ्या घातल्या, काष्टा मागं खोचला, आणि नववारीत उभी राहिली.

"कुठं शिकलीस?"

मग तिनं सांगितलं. आजऱ्याच्या अंगाला एका काजूच्या कारखान्यात ती टरफलं फोडायची. टरफलाचं तेल कातडी जाळतं, राख लावून काम करायचं असतं. एकदा राख संपली आणि मुकादम म्हणाला तेवढं उरक. उजवा तळवा सोलून निघाला. दोन महिने हात फडक्यात. घरात दुसरं बाईमाणूस नाही, नवऱ्याला गाठ मारायला सांगावी तर तो हसला आणि बाहेर जाऊन चारचौघांना सांगून आला. तेव्हा ती भिंतीला टेकून, दातात धरून, रडत रडत शिकली. कुणी समोर स्टुलावर बसलं नव्हतं. कुणी शाबास म्हटलं नव्हतं.

"मला जमंल?" चिमणाबाईनं विचारलं. ज्या नजरेनं ती पोरीकडं बघायची, त्या नजरेनं ती आता धोंडुबाईकडं बघत होती. त्या नजरेसाठी धोंडुबाई काहीही करून बसली असती. आणि करूनच बसली.

"जमंल की. मी शिकवतो."

आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण मनात एकच गोष्ट ठणकत होती. त्या पोरीला येत नाही ते मला येतं.

आठ दुपारी.

पहिल्या दुपारी टोक दातांतून सुटलं. दुसऱ्या दुपारी चिमणाबाई भिंतीवरून घसरली, धोंडुबाईनं काखेत हात घालून धरली, दोघी पलंगावर बसल्या आणि दमेपर्यंत हसल्या. तिसऱ्या दुपारी धोंडुबाई ओरडली, की दातात धरा म्हणतोय तर ओठात काय धरताय. चिमणाबाईनं तिला शिवी दिली. चौथ्या दुपारी उजव्या कोपराला काम सापडलं, त्यानं कापड पोटाशी दाबून धरायचं. बुधवारी गाठ बसली आणि निऱ्या चुकल्या. गुरुवारी निऱ्या बसल्या आणि गाठ सुटली. शुक्रवारी दोन्ही बसलं. शनिवारी धोंडुबाई दाराबाहेर उभी राहिली.

मुबशिरा यायची त्या दिवशीही दोघींनी तिला यातलं काही सांगितलं नाही. कपड्यांच्या खान्यात रोजच्यासारखे पस्तीस लिहिले गेले.

रविवार.

विजयसिंह गाडीची किल्ली बोटात फिरवत हॉलमध्ये बसला होता. क्रांतीनं इस्त्री केलेला नवा गाऊन हातावर घेतलेला. मुबशिरा आली होती, शेवटचं सेशन म्हणून तिनं आज्जींसाठी वाटीभर खीर आणली होती, घरची. चिमणाबाईनं तिघींना बाहेर काढलं आणि कुणी आत यायचं नाही म्हणून दार लोटून घेतलं.

बाहेरच्यांना नुसती शांतता ऐकू येत होती. धोंडुबाईला सगळं ऐकू येत होतं. काठी पलंगाला टेकली. कापड झटकलं. आता पाठ फिरवली. हा धप्प आवाज कंबर भिंतीला टेकल्याचा. आता टोक दातांत. मग बराच वेळ काहीच नाही. क्रांती उठून दाराकडं जायला लागली तशी धोंडुबाईनं तिचा हात धरला. आजवर तिनं सुनेच्या अंगाला हात लावला नव्हता. तिची स्वतःची दातखीळ बसल्यासारखी झाली होती, आणि डावा अंगठा साडीच्या कडेला आत ढकलत होता.

दार उघडायला पंचवीस मिनिटं लागली.

चिमणाबाई काठी धरून उभी होती. हिरवं इरकली लुगडं. निऱ्या एका बाजूला गोळा झाल्या होत्या, पदर थोडा आखूड पडला होता, आणि ओठाच्या कोपऱ्याला लाळेचा थेंब होता. काष्टा मात्र चापून बसला होता.

विजयसिंहाच्या बोटातली किल्ली फिरायची थांबली. मग तो मुबशिराकडं वळला, हात जोडल्यासारखे करून म्हणाला, मॅडम, हे तुम्ही आधी का दाखवलं नाही.

"हे मी नाही शिकवलं सर," ती म्हणाली. "मला लुगडं नेसताच येत नाही."

सगळे धोंडुबाईकडं बघायला लागले. धोंडुबाई फरशीकडं.

"तिच्याकडं काय बगतासा," चिमणाबाई म्हणाली. "गाडी काढा. शालीचा नातू पाळन्यात मोठा हुईल."

ते निघाले. पोर्चमधून गाडीचा आवाज गेला, मुबशिराची स्कूटर गेली. धोंडुबाई फ्रिजसमोर येऊन उभी राहिली. आज कपड्यांना मदत शून्य, आणि हे शून्य दुसऱ्या कुणी लिहिलेलं तिला चाललं नसतं. ते तिचं होतं. कपड्यांच्या खान्यात तिनं ते नीट गोल काढलं. पेन्सिल हातात होतीच, मग बाकीचे खानेही खरे भरले. चहा तीन, जेवण पाच, वेणी वीस, अंघोळ पंधरा.

बेरीज तिला आली. तिनं ती केलीही. त्रेचाळीस.

एकतीस तारीख.

विजयसिंहानं पाकिटात दोन हजार जास्त घातले. थेरपी आठवड्यातून एकदा अशी आणखी एक महिना चालणार होती, सकाळी दोन तास यायला शेजारच्या गल्लीतली एक बाई ठरली होती. त्याच्या नव्या कागदावर 'बचत' असा खाना होता आणि त्यात दहा हजार. गाठीला खाना नव्हता. कॉस्टिंगमध्ये तिची जागा कुठं येते, हे त्यालाही सांगता आलं नसतं. क्रांतीनं पिशवीत घालून साडी दिली, हळदीकुंकू लावलं, मावशी येत जा म्हणाली.

शेवटची वेणी धोंडुबाईनं सावकाश घातली. केस अजून कापले नव्हते.

"आकडं तू फुगवून लिवत हुतीस," चिमणाबाई एकाएकी म्हणाली. "फ्रिजवर हुतं. मला वाचाया येतंय."

धोंडुबाईचे हात थांबले. "मग बोलला का न्हाईसा?"

"घास आयता मिळत हुता." तिनं डोकं मागं टेकवलं. "घाल की. काय थांबलीस?"

वेणी पुरी झाली. वीस मिनिटांपेक्षा जास्त लागली, पण आता मोजायचं नव्हतं.

फाटकाशी मुबशिरा स्कूटर लावून उभी होती. तिचा वार नव्हता. उचगावला तिची एक पेशंट होती, पंचाहत्तरीची, तिचाही एक हात गेलेला, तिलाही गाऊन नको होता. "मावशी," तिनं विचारलं, "ती गाठ मला शिकवाल?"

धोंडुबाईनं तिला खालून वर बघून घेतलं. "तू एका टायमाचं किती घेतीस?"

"सहाशे."

"मग सहाशे दे."

मुबशिरा हसली नाही. तिनं पर्स उघडली, पाचशेची एक आणि शंभराची एक अशा दोन नोटा काढून धोंडुबाईच्या हातावर ठेवल्या. मग दोघी फाटकाच्या कट्ट्याजवळ उभ्या राहिल्या. धोंडुबाईनं तिची ओढणी तिच्याच कमरेभोवती घेतली, तिला भिंतीला टेकवलं, उजवा हात मागं न्यायला लावला. पोरगी हुशार होती हे खरंच, पण तिचीही गाठ तीनदा सुटली. दातात धर, ओठात नव्हे, हे तिलाही दोनदा सांगावं लागलं. चौथ्यांदा बसली. शाबास म्हणायचं धोंडुबाईच्या तोंडापर्यंत आलं. ती म्हणाली, "हां. असंच."

पाऊण तास भरला होता.

कोपऱ्यावरच्या थांब्यावर ती बसची वाट बघत उभी राहिली. उजव्या हातात साडीची पिशवी, काखेत डबा. पिशवी खाली ठेवली असती तर चाललं असतं, तिनं ठेवली नाही. नोटांची घडी तिनं पदराच्या टोकात घेतली, टोक दातांत धरलं, डाव्या अंगठ्यानं आत ढकललं. बस येऊन उभी राहिली. कंडक्टर ओरडला, चला पावणं, चढा. धोंडुबाईनं मान एका अंगाला घेऊन गाठ ओढली, बसली का ते बघितलं, आणि मगच पायरीवर पाय ठेवला.